अंधारात वेचलेले सूर

उत्तर लंडनमधल्या हायबरी न्यू पार्क या रस्त्यावर चर्चसाठी बांधलेलं एक जुनं सभागृह आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, उंच छताचं. विसाव्या शतकात तिथे वेसेक्स नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ थाटला गेला आणि इंग्रजी रॉकचा बराच गलबला या भिंतींनी ऐकला. १९६९ मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम इथेच मुद्रित झाला. सेक्स पिस्टल्स इथे येऊन ओरडून गेले, १९७९ मध्ये क्लॅशने 'लंडन कॉलिंग' इथेच केला. १९८७ च्या मे महिन्यात मात्र या सभागृहातले दिवे मालवले गेले. पुढचे जवळपास दहा महिने ते तसेच मालवलेले राहिले.

बाहेरून बोलावलेला वादक आत शिरला की डोळे सरावेपर्यंत त्याला काही दिसत नसे. भिंतींवर तेलाच्या प्रोजेक्टरमधून निघालेले रंगाचे ठिपके सावकाश सरकत, फुटत, एकमेकांत मिसळत. ड्रम्सपाशी एक स्ट्रोब दिवा लुकलुकत असे. कानाला हेडफोन लावला की काही स्वर येत, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एखादी ड्रमची थाप. समोर लिहिलेलं संगीत नसे आणि कोणत्या पट्टीत काय वाजवायचं याचा फारसा खुलासाही होत नसे. सुचेल ते वाजव, एवढंच. तो तासन्‌तास वाजवी, मानधन घेई आणि घरी जाई. महिन्यांनी अल्बम बाजारात आल्यावर त्या सगळ्या वादनातले पाच-सात सेकंद त्यात सापडले तर सापडले.

हा अल्बम म्हणजे टॉक टॉक या इंग्रजी बँडचा 'स्पिरिट ऑफ ईडन'. सप्टेंबर १९८८ मध्ये तो आला. सहा गाणी, सुमारे ४१ मिनिटं. तो कसा झाला, कोणाच्या पैशाने झाला आणि झाल्यावर त्यावरून कोर्टात काय वाद घातला गेला, हे समजून घेतलं की त्या काळातला संगीताचा धंदा आणि त्या धंद्यात राहून आपल्या मनासारखं काम करू पाहणारी माणसं, दोन्ही एकाच चित्रात दिसतात. मला या कथेत सर्वांत जास्त खेचतो तो एकच प्रश्न: ध्वनिमुद्रण पूर्ण झालं, असं नेमकं कधी म्हणायचं? स्टुडिओत हा प्रश्न रोज उभा राहत होता. पुढे तोच न्यायाधीशांसमोरही आला.

टॉक टॉकची सुरुवात पाहिली तर हा शेवट कोणाच्याही स्वप्नात आला नसता. मार्क होलिस १९५५ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागात जन्मला. त्याचा थोरला भाऊ एड संगीताच्या धंद्यात होता, एडी अँड द हॉट रॉड्स या बँडचं काम पाहत होता. त्याच्या घरातल्या रेकॉर्डींमधून आणि ओळखीपाळखींमधून मार्कला वाट सापडली. पंकच्या लाटेत त्याने रिअ‍ॅक्शन नावाचा बँड काढला, तो फार टिकला नाही. १९८१ मध्ये बेसवादक पॉल वेब, ड्रमवादक ली हॅरिस आणि कीबोर्डवादक सायमन ब्रेनर यांच्यासह टॉक टॉक उभा राहिला आणि ईएमआय कंपनीने त्यांच्याशी करार केला.

ईएमआयकडे तेव्हा ड्युरान ड्युरान होता. देखणी पोरं, चकचकीत व्हिडिओ, सिंथेसायझरवरची नाचरी गाणी. कंपनीला तसाच आणखी एक बँड हवा होता. म्हणून टॉक टॉकला ड्युरान ड्युरानच्या कार्यक्रमांत आधी वाजवायला पाठवलं गेलं आणि ड्युरान ड्युरानचाच निर्माता कॉलिन थर्स्टन टॉक टॉकच्या पहिल्या अल्बमसाठी नेमला गेला. नावातही तोच शब्द दोनदा, त्यामुळे तुलना व्हायचीच. होलिस त्या तुलनेवर वैतागत असे. आपल्याला ऑर्केस्ट्रा परवडत नाही म्हणून सिंथेसायझर वापरतो, असं तो सांगे. ती नुसती थाप नव्हती, हे पुढे कळलं. १९८४ च्या 'इट्स माय लाइफ'च्या व्हिडिओत ओठ हलवून गाण्याचं सोंग करायला त्याने नकार दिला आणि तोंड मिटून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मधेमधे प्राण्यांची चित्रं. कंपनीने पुन्हा चित्रीकरण करायला लावलं.

ब्रेनर १९८३ मध्ये बाहेर पडला आणि टिम फ्रीस-ग्रीन आला. तो निर्माता होता, कीबोर्ड वाजवायचा आणि होलिसबरोबर गाणी रचायचा. बँडच्या फोटोंत तो नसे, पण इथून पुढचं टॉक टॉक म्हणजे मुख्यतः या दोघांचं डोकं. १९८६ च्या 'द कलर ऑफ स्प्रिंग'मध्ये सिंथेसायझर जवळजवळ नाहीसे झाले. स्टीव्ह विनवुडसारखा मुरलेला वादक ऑर्गन वाजवायला आला, मुलांचा गायकवृंद आला, खरीखुरी वाद्यं आली. गंमत अशी की हाच त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला, युरोपभर चालला. त्या वर्षी बँड मोंत्रोच्या महोत्सवात वाजवून आला आणि सप्टेंबरमध्ये स्पेनच्या सान सेबास्तिअनमध्ये दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर टॉक टॉक पुन्हा कधीही रंगमंचावर उभा राहिला नाही.

हाती यश होतं आणि त्याच्या जोरावर होलिसने कंपनीकडून दोन गोष्टी मागून घेतल्या: पैसा आणि वेळ. मुदत नाही, खर्चाला फारशी हरकत नाही आणि काम चालू असताना कंपनीच्या माणसांनी स्टुडिओत येऊन ऐकायचं नाही. ईएमआयने हे मान्य केलं, कारण पुढचा अल्बम मागच्याहून मोठा होईल असा हिशेब होता. 'स्पिरिट ऑफ ईडन'ची कहाणी सांगताना कंपनीला खलनायक करून टाकायची पद्धत आहे. पण इतका पैसा देऊन इतके महिने कुणीही दारात डोकावू नये, अशी मोकळीक ईएमआयने दिली नसती तर हा अल्बम झालाच नसता. हे श्रेय तिला द्यायला हवं.

ध्वनिमुद्रणासाठी होलिसने फिल ब्राउनला निवडलं. ब्राउन १९६७ मध्ये पोरवयात लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत टेप चालवायला लागला होता. जिमी हेंड्रिक्स, ट्रॅफिक हा बँड अशांच्या मुद्रणांना तो हजर होता. पहिल्या भेटीत वातावरण कसं हवं अशी चर्चा निघाली तेव्हा त्याने सांगितलं: १९६७ चा नोव्हेंबर, रात्रीचा एक. ट्रॅफिकच्या त्या जुन्या रात्रींची आठवण त्याच्या मनात होती. होलिसला हेच ऐकायचं होतं. ब्राउनने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात या महिन्यांबद्दल भरभरून लिहिलं आहे आणि त्या काळोखाचा त्याच्या मनावर किती ताण आला, तेही लपवलेलं नाही.

आता जरा कामाच्या पद्धतीकडे पाहू, कारण अल्बमचा सगळा जीव तिच्यात आहे.

ऐंशीच्या दशकातला ड्रमचा आवाज आठवा. माइक वाद्याच्या अगदी तोंडाशी, त्यावर कृत्रिम घुमारा आणि तो घुमारा एकदम कापलेला. प्रत्येक थाप जणू बंद दारावर आदळते. वेसेक्समध्ये उलटं केलं गेलं. माइक वाद्यापासून दूर सरकवले. जुने, व्हॉल्व्हवाले माइक वापरले. त्यामुळे ड्रमचा ठोका आणि आपला कान यांच्यामध्ये त्या उंच सभागृहाची हवा येऊन बसली. ली हॅरिस हळू वाजवतो, तेव्हा हळू ऐकू येतं. जोरात वाजवतो, तेव्हा अख्खी खोली हलते. हा साधा वाटणारा निर्णय त्या काळात बंडाइतका मोठा होता, कारण रेडिओवर गाजायचं तर सगळं सारखंच मोठं हवं, असा नियम झाला होता.

आधी ड्रम्स, बेस, हार्मोनियम, पियानो असा एक विरळ सांगाडा तयार झाला. मग एकेक करून पाहुणे वादक आले. जुन्या पेंटँगल बँडचा आणि निक ड्रेकच्या साथीचा डबल बेसवादक डॅनी थॉम्प्सन. वुडस्टॉकच्या मंचावर वाजवून आलेला जाझ ट्रम्पेटवादक हेन्री लोदर. हार्मोनिकावर मार्क फेल्टहॅम, डोब्रोवर प्रिटेंडर्सचा रॉबी मॅकिंटॉश, तालवाद्यांवर मार्टिन डिचॅम. ओबो, क्लॅरिनेट, बॅसून वाजवणारे पाश्चात्त्य अभिजात परंपरेतले लोक. व्हायोलिनवादक नायजेल केनेडीही आला. पुढच्याच वर्षी त्याचं विवाल्डीचं 'फोर सीझन्स' घराघरांत पोहोचलं, इथे मात्र तो अंधारात सुटे स्वर वाजवत होता.

आणि ह्यू डेव्हिस. या माणसाबद्दल दोन ओळी जास्त लिहायलाच हव्यात. तरुणपणी तो जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनचा सहायक होता आणि नंतर स्वतःच वाद्यं बनवू लागला. त्याच्या एका वाद्याचं नाव 'शोझिग'. विश्वकोशाचा एक खंड त्याने आतून रिकामा केला आणि स्प्रिंगा, पाती असलं बारीकसारीक धातूचं सामान बसवून त्याला विजेच्या माइकशी जोडलं. बोटाने खरवडलं, टिचकी मारली की चित्रविचित्र आवाज. त्या खंडाच्या पाठीवर 'शो' ते 'झिग' अशी अक्षरं होती, तेच वाद्याचं नाव झालं. ज्या कंपनीला दुसरा ड्युरान ड्युरान हवा होता, तिच्या पैशाने आता एक माणूस पोखरलेल्या विश्वकोशावर बोटं फिरवत होता, आणि ते मुद्रित होत होतं.

या सगळ्यांनी वाजवलेलं रात्रंदिवस ऐकून होलिस आणि फ्रीस-ग्रीन त्यातून तुकडे वेचायचे. मुद्रण डिजिटल यंत्रावर होत असल्यामुळे एका ठिकाणी वाजलेला स्वर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येत होता. एका गाण्यासाठी वाजलेला ट्रम्पेटचा सुस्कारा भलत्याच जागी जाऊन बसायचा आणि तिथे जन्मापासून असल्यासारखा वाटायचा. वादकाने जाणूनबुजून केलेली कारागिरी बहुधा टाकली जायची. तो चाचपडत असताना, चुकता चुकता, नकळत जे हातून निघून जायचं, ते ठेवलं जायचं. कोऱ्या फितीवर आधी शांतता पसरलेली आहे आणि तिथे काही ठेवायचं असेल तर त्याला तसंच सबळ कारण हवं, अशी होलिसची धारणा होती. दोन स्वरांपेक्षा एक बरा आणि एका स्वरापेक्षा शांतता बरी, असं तो मुलाखतींतून सांगत असे.

गायकवृंदाचा प्रसंग ब्राउन सांगतो. मोठा वृंद बोलावून मुद्रण केलं, सगळ्यांना ते अप्रतिम वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी होलिसने ते पुसून टाकायला लावलं. शेवटी अल्बममध्ये चेम्सफर्ड कॅथीड्रलच्या वृंदाचे मोजके आवाज राहिले. अप्रतिम गोष्ट पुसायला काय लागतं, याचा मी बराच विचार केला आहे. वाईट काढून टाकणं हे कोणताही संपादक करतो. चांगलं आहे, सुंदर आहे, पैसे मोजून झालेले आहेत, पण या गाण्याच्या श्वासात ते बसत नाही म्हणून काढायचं, याला निराळीच छाती लागते.

पहिल्या बाजूची तीन गाणी एकमेकांत विरघळलेली आहेत, सुमारे २३ मिनिटांचा एक सलग पट्टा. सुरुवातीला लोदरचा ट्रम्पेट दूरवर उमटतो, तंतुवाद्यांचे पडदे हलतात, मधेच काहीतरी कुरकुरतं, घासतं. दोन मिनिटांहून जास्त वेळ असाच जातो. नवख्या श्रोत्याला वाटतं, अजून सुरूच झालं नाही. ख्यालाच्या बढतीची सवय असलेल्या कानाला मात्र हा उशीर परका वाटणार नाही. स्वर एकेक करून उघडत जाणं हेच तिथेही गाणं असतं. मग एक गिटार तार घसटत येते, ताल मंद पावलांनी बसतो आणि होलिसचा आवाज उगवतो: अर्धे शब्द ओठांतच राहिलेले, कण्हणं आणि प्रार्थना यांच्या मधला. फेल्टहॅमची हार्मोनिका अ‍ॅम्प्लिफायरमधून फाटून येते आणि क्षणभर ती हार्मोनिका आहे हेच कळत नाही.

तिसऱ्या गाण्यात, 'डिझायर'मध्ये, ऑर्गनचा जवळजवळ न ऐकू येणारा धागा चालू असतो आणि अचानक गिटार, ड्रम्स, तालवाद्यं एकदम कोसळतात. मी हे पहिल्यांदा रात्री आवाज बारीक ठेवून ऐकत होतो आणि दचकलो होतो. नंतर लक्षात आलं की हा कडकडाट फार मोठा नाहीच. आधीच्या पंधरा-वीस मिनिटांनी कानाला इतकं सावध, इतकं हलकं करून ठेवलेलं असतं की साधा गिटारचा आघातही वीज पडल्यासारखा वाटतो. शांततेतून जोर काढायची ही युक्ती पुढे कित्येक बँडांनी उचलली. बहुतेकांनी फक्त कडकडाट उचलला.

दुसऱ्या बाजूला 'इनहेरिटन्स'च्या मधोमध फुंकवाद्यांचं एक छोटं वर्तुळ येतं, रॉकच्या अल्बममध्ये चुकून शिरलेल्या चेंबर संगीतासारखं. होलिस डेब्युसी आणि सॅटी ऐकत असे, माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्स यांचे एकत्र केलेले अल्बम तर त्याच्या फार जवळचे. ते सगळं या दोन-तीन मिनिटांत दिसतं. त्यानंतर 'आय बिलीव्ह इन यू'. हे गाणं हेरॉइनविषयी आहे. या नशेने उद्ध्वस्त झालेली माणसं होलिसने जवळून पाहिली होती. थोरला भाऊ एड याच व्यसनात खंगत होता आणि अल्बम आल्यानंतर, १९८९ मध्ये, तो गेला. हे गाणं थेट भावावर आहे असं म्हणू नये. पण ते ऐकताना मला या दोन भावांचं घर, त्या थोरल्याने आणलेल्या रेकॉर्ड्‌स आठवल्याशिवाय राहत नाहीत. ड्रमचा एकच शांत नमुना शेवटपर्यंत चालू राहतो, त्यावर चेम्सफर्डच्या वृंदाचे आवाज येतात आणि ऑर्गन हळूहळू वर जातो. कोणावर आरोप नाही, उपदेश नाही. शेवटचं गाणं 'वेल्थ' म्हणजे पियानो, ऑर्गन आणि एक याचना. मग ऑर्गन विझत जातो.

मुखपृष्ठ जेम्स मार्शचं. टॉक टॉकची सगळी मुखपृष्ठं त्यानेच केली. समुद्रातून उगवलेलं एक झाड, फांद्यांना फळांच्या जागी शिंपले आणि शंख, मधून पक्षी. आत होलिसच्या हातचे गीतांचे शब्द, वाचायला कष्ट पडतील असे. ऐकायलाही कष्ट, वाचायलाही कष्ट. त्याला तसंच हवं असावं.

मार्च १९८८ मध्ये काम संपलं आणि फीत ईएमआयच्या माणसांनी ऐकली. त्यांच्या काळजीत तथ्य होतं. त्या वर्षी ब्रिटनच्या रेडिओवर कायली मिनोग आणि रिक अ‍ॅस्टली वाजत होते, क्लबांत अ‍ॅसिड हाउसचा उन्हाळा तापत होता. या अल्बममधून रेडिओवर काय लावायचं? एखादं गाणं पुन्हा मुद्रित करा, काही बदला, असं कंपनीने सुचवलं. होलिसने नकार दिला. त्यातच बँडने जाहीर केलं की दौरा नाही. हे संगीत त्या अंधारात त्या महिन्यांत घडलं, ते मंचावर पुन्हा घडवता येणार नाही आणि श्रोते रेकॉर्डसारखंच हवं म्हणतील, अशी त्यांची अडचण होती.

एवढं होऊनही ईएमआयला बँड सोडायचा नव्हता. करारात मुदत वाढवण्याचा पर्याय होता आणि कंपनीने तो वापरला. बँडला मात्र सुटायचं होतं. व्यवस्थापक कीथ अ‍ॅस्पडेन याने करार बारकाईने वाचला. त्यात लिहिलं होतं की अल्बम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कंपनीने लेखी कळवलं पाहिजे. बँडचं म्हणणं: मार्चमध्ये मुद्रण पूर्ण झालं, तीन महिने केव्हाच उलटले, सूचना उशिरा आली, म्हणून आम्ही मोकळे. ईएमआयचं म्हणणं: मुद्रण आमच्या दृष्टीने समाधानकारक, व्यापारी दृष्टीने समाधानकारक ठरेल तेव्हाच ते पूर्ण, तोपर्यंत तीन महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही.

टॉक टॉकचा अल्बम विकला जाण्याजोगा नव्हता म्हणून कंपनीने बँडवर खटला भरला, अशी कथा पुढे पसरली आणि आजही ती सांगितली जाते. ऐकायला ती चमकदार आहे, पण खऱ्या भांडणाचा विषय तारीख हा होता. मला खरी गोष्ट त्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त अर्थपूर्ण वाटते. दहा महिने एक माणूस अंधारात बसून हा स्वर राहू दे की जाऊ दे, हे ठरवत होता. काम कधी संपलं हे सांगणारा तोच होता. आता ते ठरवण्याचा हक्क कलावंताचा की पैसे देणाऱ्याचा, यावर वकील बोलत होते. न्यायमूर्ती मॉरिट यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. अपील न्यायालयाने तो फिरवला. टॉक टॉक करारातून सुटला.

दरम्यान सप्टेंबरमध्ये ईएमआयच्या पार्लोफोन या शिक्क्याखाली अल्बम बाजारात आला होता. ब्रिटनच्या यादीत तो १९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तोही मुख्यतः मागच्या अल्बमच्या पुण्याईवर, आणि मग उतरला. 'आय बिलीव्ह इन यू' कापून, लहान करून एकटं विकायचा प्रयत्न झाला, तो फसला. त्यासाठी केलेल्या व्हिडिओत होलिस गिटार घेऊन एकटा बसलेला दिसतो, अवघडलेला. हे करायला नको होतं, असं त्याला नंतर वाटलं.

ईएमआयकडे जुन्या गाण्यांचे हक्क होतेच. १९९० मध्ये तिने 'नॅचरल हिस्टरी' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. तो तिसऱ्या क्रमांकावर गेला, दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि 'इट्स माय लाइफ' पुन्हा यादीत चढलं. बँड सर्वांत अनोळखी झाला तेव्हाच त्याची जुनी गाणी सर्वांत जास्त विकली जात होती. पुढच्या वर्षी कंपनीने त्याच गाण्यांना नाचाचा ठेका जोडून 'हिस्टरी रीव्हिजिटेड' नावाचा अल्बम बँडला न विचारता काढला. ज्या माणसाने अंधारात बसून एकेक स्वर वेचला होता, त्याच्या नावावर आता त्याने न वाजवलेले ठोके विकले जात होते. या वेळी खटला बँडने भरला. १९९२ मध्ये तडजोड झाली आणि उरलेल्या प्रती नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं.

तोपर्यंत होलिस पॉलीडोर कंपनीकडे गेला होता. पॉल वेब बाहेर पडला होता. तोच वेसेक्स, तोच फिल ब्राउन, तोच अंधार, या वेळी आणखी गडद. सात महिन्यांत मुद्रित झालेल्यातलं बहुतेक सगळं पुसलं गेलं. १९९१ मध्ये 'लाफिंग स्टॉक' आला, तोही जाझसाठी नावाजलेल्या व्हर्व्ह या शिक्क्याखाली. तो 'स्पिरिट ऑफ ईडन'पेक्षा जास्त खरखरीत, जास्त उघडा आहे, आणि काही जाणकार त्यालाच वरचा मानतात. मी पहिल्याकडेच परत परत जातो. त्यात अजून लोकप्रिय गाण्याची एक बारीक आठवण शिल्लक आहे आणि ती आठवण सुटत जाताना ऐकू येते.

पुढे १९९४ मध्ये समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने बार्क सायकोसिस या लंडनच्या बँडच्या 'हेक्स'बद्दल लिहिताना 'पोस्ट-रॉक' हा शब्द वापरला: रॉकची वाद्यं, पण रॉकचं काम सोडून दिलेली. 'हेक्स'ची काही मुद्रणं पूर्व लंडनमधल्या एका चर्चमध्ये झाली होती. त्याच बँडच्या पुढच्या अल्बमवर ली हॅरिसने ड्रम्स वाजवले. या घराण्याचा मूळ पुरुष कोण, यावर वाद घालणाऱ्यांनी टॉक टॉकच्या शेवटच्या दोन अल्बमांकडे बोट दाखवलं आणि तेव्हापासून 'स्पिरिट ऑफ ईडन' हळूहळू दुकानाच्या कोपऱ्यातून उचलला जाऊ लागला. एल्बो बँडचा गाय गार्वी त्याच्याविषयी भक्तीने बोलत आला आहे. पॉल वेबने २००२ मध्ये पोर्टिसहेडच्या बेथ गिबन्सबरोबर 'आउट ऑफ सीझन' केला, त्यातही ती संथ, हवेशीर जागा ऐकू येते. वंशावळ मांडण्याचा मोह मात्र मला आवरता घ्यावासा वाटतो. एका अल्बमने एक शैली जन्माला घातली असं म्हटलं की तो अल्बम नुसता मैलाचा दगड होऊन बसतो आणि ऐकायचा राहून जातो.

वेसेक्स स्टुडिओ २००३ मध्ये बंद झाला आणि त्या सभागृहात राहण्याची घरं झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नो डाउट बँडने 'इट्स माय लाइफ' नव्याने गाऊन जगभर गाजवलं. होलिस तेव्हा संगीतापासून दूर, घरी, मुलांजवळ होता. दौरे करायचे आणि चांगला बापही व्हायचं, हे एकत्र जमत नाही, असं कारण त्याने दिलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ६४ व्या वर्षी वारला.

गप्प होण्याआधी त्याने एक शेवटचा अल्बम केला होता. १९९८ मध्ये, फक्त स्वतःच्या नावाने. त्यात विजेवर चालणारं वाद्य जवळजवळ नाही. वादकांना खोलीत अंतराअंतराने बसवून समोर दोन माइक ठेवले होते आणि ज्याची जागा जिथे, तिथूनच त्याचा आवाज येतो. खुर्चीचं करकरणं ऐकू येतं. सुरुवातीला काही सेकंद फक्त खोलीची शांतता आहे, मग पियानो. पॉलीडोरशी १९९० च्या सुमारास केलेल्या करारात दोन अल्बम द्यायचे ठरले होते आणि हा दुसरा होता. या वेळी तारखेवरून कोणी वाद घातला नाही. करार पूर्ण झाला होता.